लास व्हेगासहून एका दिवसाच्या ट्रिपा: मैल नको, उंची छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे लास व्हेगासवर एक लेख आला होता. माझ्या नणंदेने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, वहिनी हे सगळं करायचंय हं आपल्याला जूनमध्ये. मी बारा वर्षं इथे राहतेय, दरवर्षी मे ते जुलै आमच्याकडे पाहुणे असतात आणि दरवर्षी मला हीच यादी येते, हूव्हर डॅम, व्हॅली ऑफ फायर, डेथ व्हॅली, झायन, ग्रँड कॅन्यन, आणि चार दिवस. म्हणून म्हटलं आता ग्रुपवर उत्तर देण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं, म्हणजे कदाचित पुढच्या वर्षीची यादी तरी बरी येईल.

लेख तसा वाईट नव्हता, फोटो छान होते. प्रत्येक ठिकाणापुढे मैल दिले होते, गाडीने किती तास ते दिलं होतं, "अगदी जवळ" असंही दोनदा लिहिलं होतं. पण कुठल्या महिन्यात जायचं हे एका ओळीत पण नव्हतं, आणि ते ठिकाण किती उंचीवर आहे हे तर नव्हतंच नव्हतं. वाळवंटातल्या शहरातून बाहेर पडताना मैल ही सगळ्यात बिनकामाची गोष्ट आहे हो. इथे रस्ते सरळसोट, सव्वाशे मैल म्हणजे दोन तास, गाडी धावतेच. प्रश्न गाडीतून उतरल्यावर सुरू होतो.

लास व्हेगास साधारण २००० फुटांवर आहे. दर हजार फूट वर गेलं की तीन ते पाच डिग्री फॅरेनहाइट कमी होतात, म्हणजे आपल्या हिशोबात दोन-तीन सेल्सियस, आणि खाली गेलं की तेवढेच वाढतात. हे एकदा डोक्यात बसलं की अख्खा नकाशा वेगळा दिसायला लागतो. हूव्हर डॅम शहरापेक्षा खाली आहे, म्हणजे जास्त गरम. व्हॅली ऑफ फायर साधारण शहराच्याच पातळीवर, काही भाग खालीच. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर बेसिन तर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली. आणि शहराच्या वायव्येला तासाभरावर माउंट चार्ल्सटन, ११,९१६ फूट, तिथे पाइनची झाडं, हिवाळ्यात बर्फ, लोक स्कीइंग करतात. खालून निघताना ४२ डिग्री आणि वर केबिनजवळ उतरलं की २७-२८, ते पण त्याच दिवशी, त्याच दुपारी. तर नियम सोपा आहे, उन्हाळ्यात वर जा, हिवाळ्यात खाली जा. आमच्या पाहुण्यांचं नेमकं उलटं असतं कारण उन्हाळ्यात सुट्टी असते आणि यादीतली बरीचशी ठिकाणं खाली असतात.

माझं माहेर चंद्रपूरचं. त्यामुळे मला पहिलं उत्तर हेच मिळतं की अगं तू चंद्रपूरची, आपण ४७ बघितलंय. बघितलंय ना, घरात बसून बघितलंय! मे महिन्यात दुपारी बारा ते पाच विदर्भात कोण बाहेर पडतं? कूलर लावून, दारं-खिडक्या लावून, पन्हं पिऊन झोपतात सगळे, आणि अगदीच जावं लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. बाजारसुद्धा सकाळी नाहीतर संध्याकाळी. तेच लोक इथे आले की भर जूनमध्ये सकाळी अकरा वाजता हाफ पँट घालून लाल दगडांवर फोटो काढायला चढतात, कारण ही "ट्रिप" आहे ना. उन्हाला काय कळतंय ट्रिप आहे म्हणून.

मुंबई-पुण्याकडच्यांचा वेगळा घोटाळा होतो. इथे घाम येतो पण दिसत नाही. हवेत ओलावा दहा-पंधरा टक्के, कधी त्याहूनही कमी, घाम आला की लगेच उडून जातो, अंग कोरडंच राहतं, त्यामुळे माणसाला वाटतं की आपण ठीक आहोत, काही उकडत वगैरे नाहीये. मुंबईत शर्ट ओला झाला की कळतं पाणी प्यायला पाहिजे, इथे ती घंटी वाजतच नाही. तहान लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो.

आमच्याकडेच घडलेलं सांगते. सहा वर्षांपूर्वी माझे सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई आले होते. जूनचा दुसरा आठवडा. मी आदल्या रात्री म्हटलं होतं पहाटे पाचला निघायचं, सूर्य इथे जूनमध्ये साडेपाचच्या आतच उगवतो. पण चहा, आंघोळी, देवपूजा, मग वाटेत खायला दशम्या, असं करत करत निघायला साडेनऊ. व्हॅली ऑफ फायरला पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. ठिकाण सुंदर आहे यात वादच नाही, जुन्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला, ज्वाळांसारखा लाल, दगडांवर तिथल्या मूळ लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, नशीब असेल तर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या दिसतात. सासरे म्हणाले हा समोर तर आहे तो पट्ट्यापट्ट्यांचा दगड, येतो जाऊन. जाऊन येऊन जेमतेम दीड मैल. सासऱ्यांनी आयुष्यात पन्नास गड केलेत, आम्ही अडवणार कसं.

परत आले तेव्हा चेहरा लाल, घाम अजिबात नाही, आणि चिडलेले. कारण नसताना दिरांवर ओरडायला लागले, मग गाडी कुठे लावली तेच आठवेना, समोर उभी होती. आम्हाला वाटलं थकलेत. खरं तर हे असं चिडणं, गोंधळणं, बोलण्यात ताळमेळ नसणं ही उष्माघाताची खूण आहे, थकवा नाही, तिथे वेळ घालवायचाच नसतो. एसी फुल, अंगावर पाणी, ओला टॉवेल मानेला आणि काखेत, आणि मोबाइलला रेंज नाही. तिथून व्हिजिटर सेंटरपर्यंतची ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दहा मिनिटं होती. ठीक झाले, देवाची कृपा. जाऊबाईंच्या चपलेचा सोल मात्र तिथेच राहिला, तापलेल्या दगडावर गोंद सुटला आणि सोल वेगळा झाला. हसू नका, इथे हे होतं. नंतर तिथे भर उन्हाळ्यात बऱ्याच पायवाटा बंदच ठेवायला लागले, तो पट्ट्यांचा दगड पण त्यातच. हूव्हर डॅमच्या खालच्या बाजूला गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाणारी वाट पण १५ मे ते ३० सप्टेंबर बंद असते. म्हणजे तुमचा लेख वाचून जूनमध्ये आलेला माणूस बंद फाटकासमोर उभा राहणार, आणि ते त्याचं भाग्यच म्हणायचं.

चपलांवरून आठवलं, जुलै २०२४ मध्ये डेथ व्हॅलीच्या वाळूच्या टेकड्यांवर बेल्जियमहून आलेल्या एका पर्यटकाच्या स्लिपर गेल्या, आणि तेवढ्या वेळात तळपायाची कातडी जळाली, थर्ड डिग्री. पुढची गोष्ट अजून महत्त्वाची आहे. त्याला न्यायला हेलिकॉप्टर उतरवता आलं नाही, कारण एवढ्या गरम हवेत हेलिकॉप्टरला पुरेशी उचलच मिळत नाही, शेवटी अँब्युलन्सने त्याला आधी उंचावर नेलं आणि तिथून उचललं. म्हणजे वाचवणाऱ्यालासुद्धा वरच जावं लागलं बघा. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला १३४ फॅरेनहाइटची नोंद आहे, ५६.७ सेल्सियस, जगातला अधिकृत रेकॉर्ड. आणि व्हेगास शहराचा स्वतःचा रेकॉर्ड ७ जुलै २०२४ चा आहे, १२० फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९. लोक फर्नेस क्रीकच्या थर्मामीटरच्या पाटीजवळ फोटो काढायला मुद्दाम जुलैत जातात. फोटो काढा की, गाडीतून उतरा, फोटो काढा, परत गाडीत बसा. तिथे उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात चालू नका असं पार्कवालेच सांगतात. त्यापेक्षा डांटेज व्ह्यूला जा, ५,४७५ फुटांवर आहे, गाडी वरपर्यंत जाते, तिथून खाली बॅडवॉटरचं पांढरं मीठ पूर्ण दिसतं आणि वारा असतो. डिसेंबर-जानेवारीत याल तर मात्र खुशाल मिठावर चाला, इतकी सुंदर हवा असते तिथे की काय सांगू.

आता ग्रँड कॅन्यन. लेखात लिहिलं होतं "व्हेगासहून अडीच तास, एका दिवसात आरामात". आणि फोटो होता साउथ रिमचा, म्हणजे दरीच्या दक्षिण कडेचा. अहो अडीच तासांवर आहे ते ग्रँड कॅन्यन वेस्ट, काचेचा स्कायवॉक आहे तिथे, २००७ मध्ये सुरू झाला, ती जमीन हुआलापाय जमातीची आहे, त्यांचं वेगळं तिकीट, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. साउथ रिम म्हणजे नॅशनल पार्क, तो २८० मैलांवर, एका बाजूने साडेचार तास. जाऊन येऊन नऊ तास गाडी, मग दरीच्या कडेवर दोन तास आणि रात्री अंधारात झोपाळलेल्या डोळ्यांनी परत. याला एका दिवसाची ट्रिप म्हणायची असेल तर मग पुण्याहून नागपूर पण एका दिवसाची ट्रिपच म्हणा. एक रात्र तिथे राहा नाहीतर वेस्टला जा, पण दोन्ही एकच आहेत असं समजून जाऊ नका. दरवर्षी कोणीतरी एक जण स्कायवॉकवरून येऊन मला म्हणतं, अगं ते पुस्तकातल्यासारखं नव्हतं गं.

आणि गड चढलेल्या लोकांसाठी एक वेगळं सांगायचंय, कारण आपल्याकडची सवय तिथे उलटी पडते. राजगड असो की हरिश्चंद्रगड, आपण आधी चढतो, अंगात दम असतो तेव्हा, सकाळच्या गारव्यात, आणि दमल्यावर उतरतो. कॅन्यनमध्ये आधी उतरायचं असतं. उतरताना किती छान वाटतं, गाणी म्हणत जातो, वर साउथ रिम ७००० फुटांवर त्यामुळे वर गार आणि जसजसं खाली जावं तसतसं गरम, तळाशी तर भट्टी. आणि मग परतीची सगळी चढण, पाय दमलेले, पाणी संपलेलं, ऊन डोक्यावर. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. खाली नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका हे पार्कवाले जागोजागी लिहून ठेवतात, तरी आपल्यातला कोणीतरी ट्रेकर म्हणतोच, एवढं काय त्यात.

झायनबद्दल एकच, घड्याळ. १६० मैल आहे, पण ते युटा राज्यात येतं आणि युटाचं घड्याळ व्हेगासच्या एक तास पुढे. सकाळी सहाला निघालात की तिथे पोचेपर्यंत साडेनऊ-दहा वाजलेले असतात आणि तुम्ही म्हणता आत्ता तर पावणेनऊ झाले. संध्याकाळी शटल बसची शेवटची फेरी त्यांच्या घड्याळाने सुटते, तुमच्या नाही. ती चुकली की दरीतून चालत या. अँजल्स लँडिंगला, म्हणजे झायनमधल्या उंच सुळक्यावर, जायचं असेल तर १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, लॉटरीने मिळतं, तिथे जाऊन हात जोडून मिळत नाही. ॲरिझोनाची अजून वेगळीच गंमत आहे, ते उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, आणि हूव्हर डॅम आमच्या नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच आहे, त्यामुळे त्याच्या दोन टोकांना उन्हाळ्यात एकच वेळ आणि हिवाळ्यात एका तासाचा फरक! मुलांना भारी आवडतं ते, धरणावरून चालत जायचं आणि एक तास म्हातारं व्हायचं. धरण ७२६ फूट उंच, बघण्यासारखं आहेच, आत गाइडेड टूर असते, आत गार असतं, त्यामुळे उन्हाळ्यात खालच्या ठिकाणांपैकी एक करायचंच असेल तर हे करा आणि सकाळी पहिली टूर घ्या. धरणामागच्या लेक मीड तलावाच्या कडेला दगडांवर पांढरा पट्टा दिसेल, पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं त्याची खूण आहे ती.

रेड रॉक कॅन्यन शहराला चिकटून आहे, स्ट्रिपपासून, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यापासून, सतरा मैल, आणि शहरापेक्षा दीड-दोन हजार फूट उंच, म्हणून मी पाहुण्यांना बहुतेक तिथेच नेते. तेरा मैलांचा एकदिशा रस्ता आहे, मध्ये मध्ये थांबून बघता येतं. ऑक्टोबर ते मे दिवसा आत जायला ऑनलाइन वेळ बुक करावी लागते, उन्हाळ्यात लागत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी सहाला फाटक उघडतं. सहाला आत, नऊला बाहेर, साडेनऊला घरी पोहे. याहून चांगला दिवस नाही. हिवाळ्यात उलटी घाई असते, डिसेंबरमध्ये साडेचारलाच सूर्य मावळतो आणि दरीत तर त्याआधीच अंधार, त्यामुळे दुपारी जेवून सावकाश निघू हा बेत चालत नाही.

पावसाबद्दल लिहिलं नाही तर चुकेल. इथल्या बातम्यांमध्ये जुलै ते सप्टेंबर "मॉन्सून" म्हणतात, आणि आपले लोक ऐकून खूश होतात. व्हेगासला वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस, महाबळेश्वरला कधीकधी एका दिवसात याहून जास्त पडतो. पण ही जमीन पाणी पीतच नाही, सगळं वाहतं. पाऊस पडतो वीस मैल लांब डोंगरावर, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ, आणि कोरड्या ओढ्यातून चिखल-दगडांची भिंत येते. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या एका अरुंद घळीत असेच सात जण गेले. ५ ऑगस्ट २०२२ ला डेथ व्हॅलीत एका दिवसात दीड इंचाच्या आसपास पाऊस झाला, ऐकायला काहीच नाही, पण गाड्या दगडमातीत रुतल्या आणि हजारएक लोक अडकले. म्हणून त्या महिन्यांत घळीत उतरण्याआधी नुसत्या शहराचा अंदाज बघून भागत नाही, वरच्या डोंगरांचा बघा, आणि कोरड्या पात्रात गाडी लावू नका. माउंट चार्ल्सटनचे रस्ते पण ऑगस्ट २०२३ च्या वादळात वाहून गेले होते, काही वाटा नंतर बराच काळ बंद होत्या, निघायच्या आधी कुठली उघडी आहे ते बघून घ्यावं.

पाणी किती न्यायचं हे सगळे विचारतात. माणशी चार लिटर दिवसाला, आणि शिवाय गाडीत वेगळं एक कॅन जे घरी परत येईपर्यंत फोडायचं नाही. नुसतं पाणी पीत सुटलं तर मीठ कमी होऊन चक्कर येते, त्यामुळे लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस, आणि खारे शेंगदाणे, चिवडा, जे आपण तसंही नेतोच. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, सैल. शेतावर जाणारा माणूस उघड्या डोक्याने जात नाही, डोक्याला टोपी, मानेवर उपरणं, तेच इथे. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा कारण शहराबाहेर रेंज जाते, टाकी अर्ध्यावर आली की भरा, आणि मोबाइलने कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट दाखवला तर ऐकू नका. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालायला लागू नका, ही एकच गोष्ट मी पाहुण्यांकडून तीनदा वदवून घेते. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

तर संपादकसाहेब, माझी मागणी फार नाही. यापुढे अशा शहरांवर लेख छापताना प्रत्येक ठिकाणापुढे मैलांच्या जोडीला तीन गोष्टी द्या, उंची किती, कुठले महिने, आणि घरातून किती वाजता निघायचं. एका ओळीत बसतं. जागा कमी पडली तर "अगदी जवळ" हे शब्द काढा.

नणंदेची तिकिटं काढून झालीत, १२ जूनची आहेत, बदलायला पैसे फार लागतात म्हणाली. मी तिला बूट, टोपी आणि स्वेटर आणायला सांगितलंय, माउंट चार्ल्सटनसाठी. तिने ग्रुपवर सगळ्यांना विचारलं, वहिनीची तब्येत बरी आहे ना?

आपली,
एक वाचक, लास व्हेगास